बोटीसाठी बिबड्या

मोंबासा कुठं आहे हे आमच्या गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं, पण तिथं पोरीनं जाऊ नये हे मात्र झाडून सगळ्यांना माहीत होतं. मी पुण्याहून नंदुरबारला आले, ट्रंक ओट्यावर टेकवली आणि घोटभर पाणी प्यायच्या आधीच सांगून टाकलं, की परीक्षा संपली, आता वर्षभर आफ्रिकेत शिकवायला चालले. सांगायची गोष्ट मला पोटात धरून ठेवता येत नाही. या वयातही येत नाही. वडील कापसाच्या जिनातून नुकतेच आले होते, मिशांवर कापसाचे पुंजके तसेच. ते म्हणाले, "कोठे?"

"मोंबासाला."

"ते मुंबईना पुढे शे का?"

आता याला काय सांगणार! म्हटलं, "हो, थोडं पुढं आहे."

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी पुण्याला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात शिष्यवृत्तीवर शिकत होते. एकदा मुंबईच्या एका समितीचे दोघेजण आमच्या वसतिगृहात आले. म्हणाले, आपले मजूर तिकडं रेल्वेच्या कामाला गेलेत, त्यांची पोरं उनाड वाढताहेत, शिकवायला बाई मिळत नाही. पगार नाही. राहणं-खाणं तिकडचं समिती बघेल. जाण्याचा खर्च मात्र ज्याचा त्यानं करायचा. सगळ्या मुली माना खाली घालून पदराची टोकं चाळवत बसल्या. मी हात वर केला आणि कोणीतरी बघेपर्यंत तो खाली घेतला नाही.

मला तेव्हाही लोक विचारत, आणि पुढं जन्मभर विचारत राहिले, की अगं, आपल्याकडं काय अडाणी पोरांचा तोटा होता म्हणून तू समुद्रापार गेलीस? अहो, मी आधी इथंच विचारलं होतं की! अक्राणीच्या डोंगरात एक शाळा मास्तर पळून गेल्यामुळं बंद पडली होती. मी अर्ज केला. शाळाखात्याचे साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, डोंगरात एकटी पोर कशी राहील? म्हणजे घरापासून दिसणारा सातपुडा मला बंद. ठीक आहे म्हटलं, समुद्राला तर कोणी कुलूप लावलेलं नाही.

भाड्याचं मी जमवलं होतं. वसतिगृहातल्या पोरींची पोलकी शिवून शिवून माझ्या बोटांना घट्टे पडले होते, पण बोटीच्या डेकवर, उघड्या फळ्यांवर वळकटी टाकून झोपायचं तिकीट निघेल एवढी जुळणी झाली. सोबत एक म्हातारे मास्तर आणि त्यांची बायको होती, म्हणून समितीलाही चालणार होतं. अडलं ते जेवणापाशी. बोटीवर भंडारी सगळ्यांचं रांधायचा, पण त्याचे पैसे वेगळे, आणि ते माझ्याजवळ नव्हते. आणणारही कुठून? समितीच्या गृहस्थांनी समजुतीनं सांगितलं, की स्वतःचं खाणं बरोबर नेता येतं, मात्र ते कोरडं हवं, टिकणारं हवं आणि त्याला चूल लागता कामा नये. असं काही तुमच्याकडं असेल तर या, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

हात्तिच्या! हे खानदेशातल्या पोरीला विचारायचं? आमच्या घरोघरी उन्हाळ्यात बिबड्या होतात. ज्वारी भिजवायची, आंबवायची, तिचं पीठ लसूण, जिरं, तीळ, मिरची घालून हंड्यात शिजवायचं आणि पाटावर ओल्या फडक्यावर हातानं थापून पातळ चांदक्या धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, पसरलेल्या लुगड्यांवर वाळवायच्या. वर्षभर हलत नाहीत. पापडासारख्या भाजा, नाहीतर तशाच मोडून शेंगदाण्यांबरोबर चावा, पोट भरतं. एक मोठा पत्र्याचा डबा भरला की मोंबासा आलंच. डबा भरला तर मी जाणार, नाही भरला तर घरी बसणार, इतका साधा हिशेब होता.

पण ज्वारी भिजायच्या आत पंच बसले.

आमच्या जातीच्या पंचांचे मुखिया म्हणजे माझे सख्खे चुलते, वडिलांचे थोरले भाऊ. आम्ही त्यांना मोठे बाबा म्हणायचो. त्यांचं घर आमच्या समोरच, ओट्याला ओटा. पांढरी पगडी, हातात काठी, आणि एकदा बोललं की तो शब्द फिरवायचा नाही, हीच त्यांची सगळी इस्टेट. मारुतीच्या पारावर बैठक झाली. बायकांनी तिथं जायचं नसतं, म्हणून मी गेले. मोठे बाबा म्हणाले, समुद्र ओलांडला की माणूस बाटतं, हे बापजाद्यांपासून चालत आलंय.

मी विचारलं, "तुम्ही प्रकाशाला तापीवर तीर्थाला जाता, तिथलं पाणी तांब्यात भरून आणता ना?"

"मंग?"

"तेच पाणी वाहत वाहत खाली सुरतेपाशी समुद्रात जातं. प्रकाशाला पवित्र असलेलं पाणी सुरतेला बाटकं कसं होतं, तेवढं मला समजावून सांगा, म्हणजे मी थांबते."

पारावर कोणीतरी फिस्सकन हसलं. तेच वाईट झालं. मोठ्या बाबांचा चेहरा तांबडालाल झाला आणि त्यांनी काठी आपटून निवाडा दिला: या घरचं खाणं-पिणं बंद. कोणी इथं अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, पाण्याचा घोट घ्यायचा नाही. जो घेईल तोही त्यांच्यासारखाच बंद. पोर घरी थांबली तर निवाडा मागं, गेली तर जन्मभर कायम.

मी रागानं तरातरा घरी आले. पण दारात आई दिसली आणि माझा जोर एकदम ओसरला. कारण बंद कोणाला होणार होतं? मी तर चालले होते. वडील जिनात दिवस काढणार. या गल्लीत, या बायकांमध्ये, हळदीकुंकू आणि बारशी आणि मयतीत जिला उभं राहायचं होतं ती आई होती. तिनं प्रकाशाच्या पलीकडचं जग पाहिलेलं नव्हतं. मोठ्या बाबांसमोर तर ती लग्न होऊन आल्यापासून एक शब्द बोललेली नव्हती. आमच्यात थोरल्या दिरापुढं बायको बोलत नाही. ते ओट्यावर दिसले की पदर नाकापर्यंत ओढायचा आणि भिंतीला लागून निघायचं. इतक्या वर्षांत मोठ्या बाबांनी माझ्या आईचा आवाजही ऐकलेला नव्हता.

मी म्हटलं, "आई, तू नको म्हण. तू म्हणालीस तर थांबेन मी. दुसऱ्या कोणाच्या बापाचं ऐकणार नाही."

आई सूप घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. म्हणाली, "जवारी भिजाले घाल."

एवढंच. मी तिच्या गळ्यात पडले तर म्हणे, "सरक वं, खडा ऱ्हाई जाई."

आता एक अडचण होती आणि ती साधी नव्हती. बिबड्या एकटीनं होत नाहीत. हंड्यातला घाटा एकसारखा घोटावा लागतो, तो गरम असतानाच हाताला तेल-पाणी लावून थापावा लागतो. गार झाला की त्याचा दगड. म्हणून आमच्याकडं सावड असते. आज तुझ्या घरच्या बिबड्यांना मी येते, उद्या माझ्या घरच्यांना तू ये. त्या उन्हाळ्यात मी पुण्याहून यायच्या आधीच आई गल्लीतल्या घराघरांत बिबड्या थापून आली होती. आमची पाळी शेवटची होती, आणि नेमकं आमचंच घर बंद.

ज्वारी आंबली, दळून झाली. गाडी पकडायला आता फक्त एक दिवस मध्ये होता. त्या दिवशी झुंजूमुंजू व्हायला आईनं परसात नव्हे, गल्लीत, उघड्यावर, समोरच्या ओट्याच्या नाकासमोर तीन दगड मांडले आणि हंडा चढवला. मोठे बाबा दातवण करत ओट्यावरून बघत होते. वडिलांनी मान खाली घातली आणि ते जिनाकडं निघून गेले. मला त्यांचा तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. आईनं पदर खाली ओढला, कमरेला खोचला आणि चाटू हातात घेतला. मी धाब्यावर लुगडी ओली करून पसरत होते. वरून मला दिसत होतं, हंड्याला उकळी येत होती आणि गल्लीतलं एकही दार उघडं नव्हतं. मी दात आवळून स्वतःशी म्हणत होते, बघू या, दगड तर दगड, मी दगड चावत जाईन मोंबासाला.

तेवढ्यात दार वाजलं ते समोरचंच. मोठ्या बाबांच्या बाजूनं, त्यांना पाठीमागं टाकून, त्यांची बायको, आमची मोठी माय, बाहेर आली. गल्लीतली सगळ्यांत थोरली बाई. एका हातात स्वतःच्या घरच्या पाण्याचा लोटा, दुसऱ्या हातात पाट. आईजवळ पाट आपटून म्हणाली, "काय वं, आम्ही मरी गयूत का? एकलीच बशी गयी ती!"

मोठे बाबा ओट्यावरून गरजले, "बंद शे ते घर!"

मोठी माय वळलीही नाही. "खावानं बंद शे, पेवानं बंद शे. हात बंद शेत का? ती मन्हा दारमा उनी व्हती. मी फेडसू नही का?"

मोठ्या बाबांचं दातवण हातातच राहिलं. खाणं-पिणं म्हणताना हात त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. आणि सावड न फेडणाऱ्या घराला आमच्याकडं काय म्हणतात ते पंचांनाही ठाऊक होतं. मग काय, एकेक दार उघडायला लागलं. प्रत्येकीच्या हातात पाट आणि प्रत्येकीच्या हातात स्वतःचं पाणी. बायका निवाड्याला इतक्या घट्ट धरून आल्या, की हात धुवायलासुद्धा आमच्या रांजणातलं पाणी कोणी घेतलं नाही. मोठे बाबा खाट ओढून समोर बसले, कोणी कण तोंडात घालतंय का बघायला. दिवसभर बसले. त्यांना बघून बायका मुद्दाम तोंड मिटून, गालांत हवा भरून थापत होत्या. मी तर चांदक्या घेऊन वर-खाली पळता पळता हसून हसून बेजार झाले.

आणि घोटाळा झाला तो तिथंच.

घाटा शिजला की तो चाखायचा मान घरच्या बाईचा नसतो. सावडीला आलेल्यांतली थोरली बाई तळहातावर थेंबभर घेऊन जिभेला लावते, "जमनं" म्हणते, मग थापायला सुरुवात होते. त्या आधी घरची बाई तोंड लावत नाही. थोरली होती मोठी माय, आणि तिला चाखायची बंदी. म्हणून त्या दिवशी कोणीच चाखलं नाही. सगळ्याजणी घाटा थापत गेल्या, धाबं पांढऱ्या चांदक्यांनी भरून गेलं, वैशाखाचं ऊन असं होतं की उन्हं कलेपर्यंत बिबड्या खडखडीत वाळल्या.

मी पहिली बिबडी सोडवून आणली आणि तुकडा तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी आलं. थुंकले. आईनं चाखली, तीही थुंकली.

"मीठ कोन टाकं वं?" आईनं मोठ्या मायच्या कानाशी लागून विचारलं.

मोठी माय म्हणाली, "मी टाकं. तू पानी लेवाले गयी तव्हय."

आई तिच्या कानाशीच पुटपुटली, "मी बी टाकं ना, माय!"

एवढं मीठ खाऊन बोटीवर माणूस दोन दिवसांत आजारी पडेल. डेकवर गोडं पाणी मोजून मिळतं हे मला मास्तरांनी बजावलेलं. पुन्हा करायच्या म्हटलं तर ज्वारी आंबायलाच दिवस जाणार आणि गाडी उद्या सकाळची. आई नुसती त्या धाब्याकडं बघत होती. मला रडू येऊ द्यायचं नव्हतं. आलं. रागानं आलं.

आणि मोठे बाबा खाटेवर मांडी ठोकून हसले. "देव शे! पंच सोडीत, पन देव सोडस का?"

मी काहीतरी भयंकर बोलणार होते. शब्द जिभेवर आले होते. पण मोठी माय माझ्याआधी उठली. तिनं माझ्या हातातली बिबडी घेतली, गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली, नवऱ्याकडं तोंड करून तिचा कडकन तुकडा मोडला आणि तोंडात घातला. सावकाश चावला. तिच्या कपाळावर शिरा उठल्या, पण ती थुंकली नाही. गिळला.

"खारी शे," म्हणाली. "पन खावाई जास. आते मन्हं नाव बी लिखा."

मग कोपऱ्यावरची शिंपीण पुढं आली, "मले बी दे वं." मग तिची जाऊ. मग सगळ्याच. तोंडं वाकडी करत, डोळे मिटत, खोकत, एकमेकींच्या पाठीत धपाटे घालत त्या बायकांनी आमच्या घरच्या बिबड्या भर गल्लीत, मुखियांच्या डोळ्यांदेखत खाल्ल्या. आणि वर आमच्या रांजणाचं पाणी प्यायल्या, गटागटा, कारण दुसरा इलाजच नव्हता. मोठे बाबा "अरे, अरे" करत उभे राहिले. आता बंद करणार कोणाला? सगळी गल्ली बंद झाली तर उघडं राहणार कोण, ते एकटे?

पुढचं तर कोणाला सांगावंही लागलं नाही. मोठी माय घरात गेली आणि आपल्या घरच्या, यंदाच्या चांगल्या बिबड्यांची टोपली घेऊन आली. आमच्या डब्यात ओतली आणि तेवढ्याच खाऱ्या मोजून परत नेल्या. "वरण अळनी करसू," म्हणाली, "मंग काय व्हस?" अळणी वरणात खारी बिबडी चुरली की झालं. मागोमाग घराघरांतून टोपल्या आल्या. कोणाच्या जाड, कोणाच्या तिखटजाळ, कोणाच्या काळपट बाजरीच्या. माझा डबा भरला. झाकण बसेना म्हणून शिंपिणीनं ते सुतळीनं आवळलं. आमच्या साऱ्या खाऱ्या बिबड्या गल्लीभर वाटल्या गेल्या.

मोठ्या बाबांच्या घरातही.

सकाळी मी निघायच्या तयारीत होते. वळकटी बांधलेली, टांगा कोपऱ्यावर उभा. मी ओट्यावर आले तर समोर मोठे बाबा उभे. पगडी नीट, पण चेहरा उतरलेला, ओठ कोरडे. मागं त्यांच्या दारात मोठी माय कमरेवर हात देऊन उभी होती. काय झालं होतं ते तिनंच मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. आदल्या संध्याकाळी तिनं नवऱ्याच्या ताटात अळणी खिचडीबरोबर बिबड्या वाढल्या. घरात दुसऱ्या उरल्याच नव्हत्या! ते चांगल्या चार खाऊन बसले, पाणी मागितलं, तेव्हा तिनं माठावर झाकण ठेवलं आणि सांगितलं, की ज्या घरचं खाल्लं ते घर बंद आहे, आता तुम्हीही बंद. तुमचाच निवाडा आहे, तुम्हाला पाणी फक्त त्याच घरचं. आणि मोठे बाबा म्हणजे जन्मात स्वतःच्या हातानं पाणी ओतून घेतलेला माणूस नव्हे. शेजारपाजारी गेले तर तिथल्या बायकांनीही हात जोडले. निवाडा म्हणजे निवाडा.

ते आमच्या ओट्याच्या पायरीशी आले. माझ्याकडं बघितलं नाही. भिंतीकडं बघत म्हणाले, "तांब्याभर पानी धाड बाहेर."

मी तोंड उघडणार होते. आदल्या दिवसापासून अडलेलं सगळं ओठांवर होतं, आणि एकही शब्द मवाळ नव्हता. पण आतून आई आली. पदर नाकापर्यंत होता, रोजच्यासारखाच. ती उंबऱ्यात उभी राहिली. हातात तांब्या नव्हता.

"पानी घरमा शे, दादा," ती म्हणाली. "घरमा ईसन प्या."

मोठे बाबा दचकले. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मी बोलले की काय म्हणून. मग आईकडं. हा आवाज त्यांनी कधी ऐकलेलाच नव्हता. गल्लीतल्या साऱ्या बायका आपापल्या दारांत उभ्या होत्या आणि कोणीही हसत नव्हतं. मग मोठ्या बाबांनी जोडे पायरीशी काढले. आमचं दार बुटकं. त्यातून आत जायचं तर पगडी उतरवावी लागते. त्यांनी ती उतरवून काखेत धरली, वाकले आणि आत गेले.

आईनं रांजणातून तांब्या भरून दिला. तो रिकामा झाला. तिनं पुन्हा भरला.

मी डबा डोक्यावर घेतला आणि टांग्याकडं चालू लागले.